डॉक्टर विचारतात, छाती दुखते का

भाऊ वयात आला की त्याचं अंथरूण बहीण झोपते त्या घरातून उचललं जातं, ही आमची तोंगा बेटांवरची रीत. त्यानंतर तिच्यासमोर चावट बोलायचं नाही, तिच्या खोलीत पाय टाकायचा नाही, टीव्हीवर कुणी कुणाला मिठीत घेतलं की आपण उठून पाणी प्यायला जायचं. माझी थोरली बहीण लुपेताई आणि मी, आम्ही जन्मभर हे पाळलं. आणि आता या सिडनीत डॉक्टर बेथनी नावाची एक काडीएवढी पोरगी आम्हा दोघांना एवढ्याशा खोलीत बसवते, दार लावते आणि हसून विचारते, "रात्री लघवीला किती वेळा उठता?" मला वाटतं, आत्ताच्या आत्ता जमीन फाटावी आणि मी आत जावं.

माझं हृदय फुगलंय. फुगून सैल पडलंय, त्यामुळे अंगातलं पाणी त्याला रेटत नाही. ते पायात उतरतं, मग पोटात, मग छातीत. बायको वारली आणि मी क्वीन्सलँडला एकटाच उरलो. ताई विमानाने आली, माझे सुजलेले पाय बघितले आणि म्हणाली, "सामान उचल. माझ्याकडे चल." मला काय वाटतं ते कुणी विचारलं नाही. आमच्यात बहिणीचा मान मोठा, तिच्यापुढे तोंड उघडायची छाती कुणाची?

सिडनीतल्या माउंट ड्रुइटला तिच्या घरामागच्या गॅरेजात माझी खाट पडली. घरात ती आणि तिची मुलगी फुसी. ताईने माझ्यासाठी काय नाही केलं! डब्यातलं खारं मांस घरातून हद्दपार केलं. चर्चच्या जेवणात माझ्या ताटात ते कुणी वाढलं म्हणून पाद्रीबाबांच्या बायकोशी भांडली. रोज सकाळी गॅरेजच्या दाराशी येऊन आधी मोठ्याने खोकायची, ताट ठेवायची आणि बाहेरूनच ओरडायची, "वजनकाट्यावर उभा राहिलास का? आकडा सांग!" मी आतून आकडा सांगायचो. एका दिवसात तो उडी मारून वर गेला की समजायचं, पाणी साचतंय. सगळ्या आळीला माझं वजन पाठ होतं.

पहिल्यांदा दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाली, फोनवर दुभाषा लावते. ताई उसळलीच.

"कोण असणार फोनवर? तोंगन बोलणारा म्हणजे कुणाचा तरी मेव्हणा! माझ्या भावाच्या पोटात किती पाणी झालं ते रविवारी सगळ्या चर्चला कळायला नको. मी आहे ना, मी सांगते त्याला."

डॉक्टरने फोन खाली ठेवला. मग तिने पहिलाच प्रश्न असा विचारला की बाईमाणसाजवळ जाताना दम लागतो का. ताईच्या कपाळावर घाम फुटला. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "डॉक्टर विचारतात, जिना चढताना दम लागतो का."

आता खरं सांगतो. मी निम्मी हयात क्वीन्सलँडच्या कत्तलखान्यात काढली. मुकादम गोरा, शिव्या गोऱ्या. इंग्रजी मला बोलता येतं मोडकंतोडकं, पण कळतं सगळं. ताईचा समज, की तिथे कामाला सगळे आपलेच तोंगन, इंग्रजी याला कशाला लागतंय. त्या क्षणी मी तो समज उचलून धरला. मला इंग्रजी येत नाही, म्हणजे तो प्रश्न माझ्या कानावर पडलाच नाही. आणि माझ्या कानावर पडला नाही, म्हणजे ताईची लाज राहिली. मी भोळा चेहरा करून म्हणालो, "लागतो ताई. जिन्यावर फार लागतो." ताईने डॉक्टरला नुसतं 'येस' म्हणून टाकलं. वर्षभर आमचं असंच छान चाललं होतं.

मग नवी गोळी आली. गोळी गुणाची होती. पाय पुन्हा पायासारखे दिसायला लागले, मी गल्लीच्या टोकापर्यंत चालू लागलो. पण एके दिवशी आंघोळ करताना हात लागला तर उजव्या बाजूला गाठ. काही दिवसांनी डावीकडे. शर्ट घासला तरी कळ यायची. आणि मग ते वाढायला लागलं. कसं सांगू? वयात येणाऱ्या पोरीला येतं तसं. अर्धा बैल खांद्यावर टाकून चालणारा मी माणूस, आरशाकडे पाठ करून आंघोळ करायला लागलो.

शुक्रवारी आम्ही पुरुष मंडळी चर्चच्या हॉलमध्ये कावा, ते मुळ्या कुटून केलेलं गुंगीचं पेय, प्यायला बसतो. फेलेटी माझा जुना दोस्त, त्याने थट्टेत माझ्या छातीवर थाप मारली आणि त्याचा हात तिथेच थबकला. "काय रे केलेपी," तो ओरडला, "बायको गेली म्हणून तूच बायको व्हायला लागलास की काय?" सगळे खदाखदा हसले. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. त्यानंतर मी त्या हॉलची पायरी चढलो नाही.

मी दोन नंबर लहान बनियन आणली, त्यावर शर्ट, त्यावर जर्सी. भर जानेवारीत, इथल्या ऐन उन्हाळ्यात, पत्र्याच्या गॅरेजात! ताई बाहेरून म्हणाली, "थंडी वाजते का रे तुला? हृदयाचं असंच असतं बाबा," आणि दाराशी घोंगडी ठेवून गेली. घोंगडी बघून मला रडू आलं.

पुढच्या खेपेला डॉक्टरने आपणहून विषय काढला. "या गोळीने काही पुरुषांच्या ब्रेस्टला सूज येते, दुखतं. लाजू नका. तसं असेल तर दुसरी गोळी आहे, तिने हे होत नाही. फक्त मला सांगा."

एकूणएक शब्द मला कळला. दुसरी गोळी आहे! मी ताईकडे बघितलं. आमच्या भाषेत त्या अवयवाला एकच शब्द आहे, थान. आईचंही थानच. ज्या थानाला आम्ही दोघं पाठोपाठ प्यायलो, त्याचं नाव एकमेकांसमोर घ्यायची आम्हाला चोरी. ताईने पदर नसलेल्या खांद्यावरून उगाच हात फिरवला, घसा खाकरला.

"डॉक्टर विचारतात, छाती दुखते का."

"नाही," मी म्हणालो. खोटं नव्हतं. छाती दुखतच नव्हती.

डॉक्टर खूश झाली. मी तिथे बसून स्वतःला शिव्या घातल्या. दोन शब्द बोलायचे होते, तिच्या भाषेत. पण बोललो असतो तर ताईला कळलं असतं की दीड वर्ष मी सगळं ऐकत होतो. ती लघवी, ती बाईमाणसाची गोष्ट, तिने बदललेला एकेक प्रश्न, सगळं एकदम आमच्या दोघांच्या मधे येऊन पडलं असतं. मग तिने माझ्याकडे बघायचं कसं, आणि मी तिच्या हातचं खायचं कसं?

परत येताना ताई दुकानात उतरली, तेव्हा मी गाडीत फुसीला विचारलं, "एखाद्याला एखादी गोळी सोसत नसेल तर गं?"

"आईला सांग ना मामा. आई डॉक्टरला सांगेल."

"हं," मी म्हणालो. लेकीच्या वयाच्या पोरीला आणखी काय सांगणार, कपाळ?

दोन्ही गोळ्या सारख्याच पांढऱ्या, त्यातली नवी कुठली हे मला कळेना, म्हणून पाणी उतरवायच्या दोन्ही बंद केल्या. "गोळ्या घेतल्यास?" ताई बाहेरून विचारायची. "घेतल्या ताई." "आकडा सांग!" मी जुनाच आकडा सांगायचो. आकडा मात्र वर चढत होता. पायात बूट जाईनात. आडवं झालं की कुणी उशी दाबून धरल्यासारखा जीव घाबरायचा, म्हणून खुर्चीतच झोपायला लागलो. मी मरायला टेकलोय हे मला समजत होतं. पण लाज मरणापेक्षा जवळची असते, रोज उठून तिलाच तोंड द्यायचं असतं.

रविवारी चर्चमध्ये भजन सुरू झालं आणि मी उभा राहायला गेलो तो खालीच कोसळलो. अँब्युलन्सवाले आले. एकाने कात्री काढली, जर्सी कापली, शर्ट कापला. आता बनियन. मी दोन्ही हात छातीवर आवळून धरले, त्याने ते सोडवले. तेवढ्यात डोक्यावरून ताईचा आवाज आला, "बायांनो, पाठ फिरवा! सगळ्यांनी!" पहिली पाठ तिने फिरवली. सगळ्या बायका माझ्याभोवती पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. समोर पुरुषांमध्ये फेलेटी होता. त्याने बघितलं आणि मान खाली घातली.

इस्पितळात छातीतलं पाणी उपसलं, तेव्हा कुठे मी वाक्य पुरं बोलायला लागलो. डॉक्टर बेथनी आली. ताई खाटेपासून लांब, दाराजवळच्या खुर्चीत. रात्रभर ती बाहेर बाकावर बसून असायची, मी झोपलेल्या खोलीत कशी थांबणार?

"तुम्ही गोळ्या बंद केल्या होत्या," डॉक्टर म्हणाली. "पुन्हा असं झालं तर मी वाचवू शकेन असं नाही."

"डॉक्टर म्हणतात, गोळ्या घेत जा," ताई म्हणाली.

"घेईन."

डॉक्टरने खुर्ची जवळ ओढली. "मी तपासलं तेव्हा बघितलं. ब्रेस्टमुळे बंद केल्या का?"

"डॉक्टर विचारतात..." ताईने पिशवीचा बंद पिळला. "छाती... छाती दुखत होती का."

मी तिच्याकडे बघितलं. केस विस्कटलेले, डोळे खोल गेलेले. एवढी दांडगी बाई, तीन दिवसांत चिपाड झाली होती. मी आता 'नाही' म्हटलं तर ती मला घरी नेईल, मिठाशिवाय रांधून घालील, आणि एक दिवस पुरून येईल. आणि मग कधीतरी तिच्या डोक्यात येईल की एका शब्दापायी भाऊ गेला. ते ओझं मी तिच्या डोक्यावर कसं ठेवू?

"येस डॉक्टर," मी इंग्रजीत म्हणालो. "ब्रेस्ट. दोन्ही. फार दुखतात. खूप दिवस झाले."

ताई उठली. पिशवी घेतली. कुणाच्या समोरून जाताना वाकून म्हणतात तसं "माफी असावी" म्हणाली आणि वाकूनच खोलीबाहेर गेली.

गोळी बदलली. मी घरी आलो. श्वास कसा मोकळा, लहान पोरासारखा! आणि मला तोंड दाखवायला जागा नव्हती. ताई दाराशी खोकायची, ताट ठेवायची आणि जायची. आकडा विचारेना. मी आतून आपणहून ओरडून सांगायचो, बाहेरून उत्तर नाही. फुसी सांगायची, "मामा, आई स्वयंपाकघरात भांडी आपटते. मधेच रडते. तू असं काय केलंस?" क्वीन्सलँडला परत जावं म्हणून बॅग भरली, आणि तीही जड लागली म्हणून तिच्यावरच बसून राहिलो.

तपासणीचा दिवस आला. मला वाटलं फुसी एकटीच नेणार. बाहेर येतो तर ताई गाडीत पुढे बसलेली, चर्चला जाते तसे कपडे करून. तिथेही आत आली आणि आपल्या खुर्चीत बसली.

डॉक्टर आता सरळ माझ्याकडेच वळली आणि इंग्रजीत सावकाश म्हणाली, "केलेपी, कसं वाटतंय?"

"माझ्या भावाला इंग्रजी येत नाही," ताई म्हणाली.

डॉक्टर गोंधळली. "पण त्या दिवशी तर ते..."

"येत नाही म्हटलं ना! मला विचारा."

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघत राहिलो. मग तिने ताईला विचारलं, ब्रेस्टची सूज उतरली का, अजून दुखतं का.

ताई उठली. खुर्ची उचलून तिने भिंतीकडे फिरवली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. तिची मान घामाने चिंब झाली होती.

"डॉक्टर विचारतात," ती म्हणाली, "तुझी थानं अजून दुखतात का."

मला वाटलं, त्या रविवारी मेलो असतो तर बरं झालं असतं. चर्चमध्ये जिच्यासमोर पाद्रीबाबा उठून उभे राहतात, त्या माझ्या ताईच्या तोंडून मी हा शब्द काढवला. एवढं माझ्यासाठी जन्मात कुणी केलं नव्हतं, आणि तिने ते करावं लागावं याची मला भयंकर लाज वाटली.

"कमी झालंय ताई," मी कसंबसं म्हणालो. "डावं अजून थोडं दुखतं."

तिने ते इंग्रजीत डॉक्टरला सांगितलं. जसंच्या तसं. डावं, थोडं, सगळं.

"आता पुढचं विचारा," ती भिंतीला म्हणाली. "लघवीचं विचारा. जे काय असेल ते सगळं विचारा."

डॉक्टरने विचारलं. ताईने एकेक शब्द न बदलता मला सांगितला, आणि मी माझ्या गुडघ्यांकडे बघत, रडत, एकेक उत्तर खरं दिलं.