बादली लाल झाली तेव्हा

रोज दीडशे चादरी धुणारी बाई रक्ताला काय घाबरणार, असं लॉन्ड्रीतल्या बायका म्हणाल्या असत्या. दवाखान्यांचे कपडे धुण्यात तिची दहा वर्षं गेली होती. पण आज भरदुपारी न्हाणीघरात बसून ती लटलट कापत होती, कारण रक्त तिचं स्वतःचं होतं.

डॉक्टरबाईंनी सगळं सांगितलं होतं. सातवाच आठवडा, गर्भ गोळ्यांनीच पाडता येईल; काल दवाखान्यात एक गोळी, आज घरी चार, गालात धरून ठेवायच्या. कळा येतील, पाळीपेक्षा जास्त जाईल, गाठी पडतील, थंडी वाजेल. मोठे पॅड तासाला दोन, असे सलग दोन तास पूर्ण भिजले, तर थांबायचं नाही, निघून यायचं. तिने नंदीबैलासारखी मान हलवली होती. घरी आल्यावर मात्र सवयीने जुन्या कापडाच्या घड्या घेतल्या आणि एकेक काढून गार पाण्यात टाकत गेली. डागाला गारच पाणी लागतं.

आता बादली काठोकाठ लाल झाली होती. तिची थोरली बहीण बाळंतपणात अशीच रक्त जाऊन गेली. आपणही चाललो, पोरगी शाळेतून येईल आणि आपण नसू, एवढंच तिच्या डोक्यात होतं. नवऱ्याला सगळं माहीत होतं, पण तो ट्रक घेऊन लांब, आणि फोन लागेना. घरात फक्त सासू, आणि सासूपासूनच तर हे लपवलेलं. शेवटी भीतीने लाजेवर मात केली. तिने कडी काढली.

"आई, मी मरतेय," ती म्हणाली, आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं.

सासूने बादलीत हात घालून कापडं वर काढली. "तीनच आहेत की गं! जन्म गेला धुण्यात, नि एवढं कळेना? चमचाभर रक्त अख्खं पाणी रंगवतं. पॅड लाव. मी घड्याळ बघते. भिजले तर गाडी बोलावते."

सासू दाराशी स्टूल टाकून बसली. मधे लिंबाएवढी गाठ पडली तेव्हा सुनेने किंचाळून तिचा हात धरला, तो तिने सोडवून घेतला नाही. पहिल्या तासात एक पॅड, दुसऱ्यात अर्धाच. कळा ओसरल्या.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही नको म्हणाला असतात."

"म्हणालेच असते. महिनाभर बोललेही नसते." सासूने तिच्या कपाळावर हात ठेवून ताप पाहिला. "पण दवाखान्यात एकटीला जाऊ दिलं नसतं."