चुकांचा डबा

मी एक पत्र्याचा डबा बोलतोय. माझं झाकण थोडं वाकडं आहे, त्यामुळे बोलणंही जरा खडखडतं, सांभाळून घ्या. या घरातल्या आईचा दोन रात्री डोळ्याला डोळा लागलेला नाही. तिच्या सहा वर्षांच्या लेकीने पेन्सिल धरायचंच सोडलंय. वही पुढे केली की लेक म्हणते, "तूच लिही. तुझं छान येतं."

दोष कुणाचा, हे मला फळीवरून स्वच्छ दिसलं होतं. सोमवारी लेक खेळायला गेल्यावर आईने तिचा गृहपाठ खोडला आणि स्वतः पुन्हा लिहिला. तोही डाव्या हाताने, मुद्दाम वाकडातिकडा, म्हणजे संशय नको! शाळेत त्याला चांदणी मिळाली. लेकीने चांदणी बघितली, अक्षर बघितलं आणि संप पुकारला.

पण आईला तरी काय बोलणार? तिला मी एवढीशी असल्यापासून ओळखतो.

जन्माने मी बिस्किटांचा. बिस्किटं संपली आणि माझं नशीब उघडलं. प्राथमिक शाळेतल्या एका बाईंनी मला वर्गात नेऊन टेबलावर ठेवलं आणि जाहीर केलं, "हा चुकांचा डबा. चूक झाली की चिठ्ठीवर लिहायची आणि यात टाकायची. शनिवारी वाचू. ज्याची चूक, तो आधी हसणार. त्याच्याआधी कुणी दात काढले तर याद राखा!" पहिली चिठ्ठी त्यांनी स्वतःचीच टाकली: 'आज मी जुळ्या बहिणींपैकी एकीलाच दोनदा शाबासकी दिली.'

काय एकेक चिठ्ठ्या पचवल्या मी! 'मी माशाला पाय काढले.' 'मी शेजारणीचं बघून लिहिलं आणि तेही चुकलेलं निघालं.' बाई मनापासून दाद द्यायच्या. "वा, ही नवीन आहे! जुनीच असती तर डब्यात जागा नव्हती हं."

एकच मुलगी चिठ्ठी टाकत नसे. खोडून खोडून तिच्या वहीला भोकं पडायची. वर्गात तिचं नाव 'खोडरबर'. बाई तिच्या बाकावर अंग चोरून बसायच्या, भोकाला डोळा लावायच्या आणि म्हणायच्या, "अगं, चूक गेली, पण पानही गेलं की!" वर्ष संपताना तिने एकदाची चिठ्ठी टाकली. कोरी. बाईंनी तीही घडी घालून जपून ठेवली. पुढे निवृत्त होताना त्यांनी मला तिच्याच हातात दिलं. "तुला लागेल," एवढंच म्हणाल्या.

ती खोडरबर म्हणजेच ही आई. तिने मला जपलं, पण बटणं भरून. बाई गेल्याचं कळलं त्या दिवशी तिने मला फडक्याने लख्ख पुसलं, माझ्यावर हात ठेवून बराच वेळ बसली आणि पुन्हा बटणंच भरली. तुमच्या घरीही माझा एखादा भाऊ खिळे नाहीतर रिळं सांभाळत बसला असेल. एकदा त्याला विचारा तरी, आधी काय करायचास म्हणून.

आज सकाळी मात्र आईने बटणं ताटलीत ओतली. लेकीला समोर बसवून बाईंची सगळी गोष्ट सांगितली. मग चिठ्ठी लिहायला घेतली. तीनदा खोडली, अर्थातच. लेकीने अक्षराला अक्षर जोडत ती मोठ्याने वाचली: 'तुझा गृहपाठ मी लिहिला. तुझं चुकलं तर सगळे मला हसतील, असं वाटलं.'

नियमाप्रमाणे आई आधी हसायला गेली, आलं रडू. मी श्वास रोखला, डब्याला जमेल तेवढा.

लेकीने आईच्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

"अजून एक आहे तुझी. माझा हत्तीपण तूच रंगवलास. थांब, मीच लिहिते. तुला फार वेळ लागतो!"