खिडकीत ठेवलेली थापी

मी एक जुनी थापी आहे. गवंडी जिने भिंतीला गिलावा करतात ना, तीच. लोखंडाचं पान आणि लाकडाची मूठ. मित्रांनो, माझा गंज बघून नाक मुरडू नका. एके काळी माझाही रुबाब होता!

लोहाराने मला ठोकून घडवलं आणि एका तरुण गवंड्याने विकत घेतलं. त्याच्या हातात मी अशी फिरायचे, की बघणारे म्हणत, "भिंत आहे की आरसा?" काम संपलं की तो मला धुऊन, पुसून, तेलाचं बोट फिरवून पिशवीत ठेवायचा.

पुढे तो मिस्त्री झाला. एका वेळी पाच-पाच घरांची कामं घेऊ लागला. त्याने चकचकीत नवी थापी आणली आणि मला वेगळंच काम दिलं. ते सांगताना मला अजून लाज वाटते. अर्धं काम टाकून दुसरीकडे जायचं असलं, की तो मला खिडकीत ठेवायचा आणि म्हणायचा, "हत्यार सोडून चाललोय, म्हणजे मी आलोच समजा." लोकांना ते पटायचं. मी मात्र आठवडेच्या आठवडे गंजत पडायचे.

अशीच मी एका घरात आले. तिथे आई, शाळेत जाणारी मुलगी आणि आजी राहत. आजीचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, ती दवाखान्यात होती. नेमका तेव्हाच बाथरूमच्या भिंतीतला पाइप फुटला. मिस्त्रीने फरशी उखडली, पाइप बदलला, "आजी यायच्या आत करून देतो" म्हणाला आणि मला दाराजवळच्या खिडकीत ठेवून गेला.

मग फोन सुरू झाले. "ताई, निघालोच." "ताई, वाळू अडकलीय." "ताई, माझा माणूस आजारी पडलाय."

मुलगी म्हणाली, "आई, हे रोज निघतात, मग राहतात तरी कुठे? चंद्रावर?"

आई हसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हत्यार इथंच आहे गं. येतील."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण तिथे जमीन तरी कुठे धड होती?

आजी घरी आली. बाथरूमला जायचं, तर तिला खुर्चीत बसवून, दोघींनी उचलून समोरच्या घरी न्यावं लागे. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "चला, राणीसाहेबांची स्वारी निघाली!" दुसऱ्या दिवशी तिने खुर्चीत डोळे मिटून घेतले. तिसऱ्या दिवशी मुलीने पाहिलं, की उशाशी ठेवलेला ग्लास सकाळपासून तसाच भरलेला आहे.

"आजी, पाणी का नाही प्यायलीस?"

"तहान नाही गं."

"खरं सांग."

आजीने तोंड फिरवलं. "प्यायलं की जावं लागतं. किती वेळा उचलाल मला?"

चौथ्या दिवशी मुलीने मला वर्तमानपत्रात गुंडाळून दप्तरात टाकलं आणि शाळा सुटल्यावर विचारत विचारत मिस्त्रीला गाठलं. तो एका घराच्या खिडकीत आपला हातोडा ठेवत होता. "हत्यार सोडून चाललोय, म्हणजे..."

"काका, ही तुमची थापी," मुलगी म्हणाली. "आम्हाला हत्यार नको. तुम्ही या. आमच्या आजीने पाणी पिणं सोडलंय."

"पाणी? का?"

तिने सांगितलं. मिस्त्री बराच वेळ माझ्या गंजावर अंगठा घासत उभा राहिला. मग त्याने हातोडा उचलून घेतला आणि त्या घरच्यांना म्हणाला, "तुमचं काम चार दिवस उशिरा होईल. खरं सांगतोय."

त्याने मला विटेच्या तुकड्याने घासलं आणि त्या बाथरूममध्ये कामाला लावलं. हो, मलाच! तीन दिवसांत फरशी बसली. आजीला धरायला भिंतीत दांडा बसवायचा तेवढा राहिला. निघताना सवयीने त्याचा हात खिडकीकडे गेला. मुलगी नुसती बघत होती. त्याने मला मुकाट्याने पिशवीत टाकलं.

"उद्या नऊला येतो," तो म्हणाला. खिडकी रिकामीच राहिली. आईचा चेहरा उतरला.

सकाळी नऊला आम्ही दारात होतो.

दुपारी आजी काठी टेकत, दांडा धरत एकटी आत गेली. दार तिने स्वतः लावलं. बाहेर आली आणि म्हणाली, "पोरी, पाणी आण गं. मोठा ग्लास."

मित्रांनो, काम झालं की हत्यार धुऊन ठेवत जा. आणि कुणाला "आलोच" म्हणाल, तेव्हा जरा आठवा. तिकडे कुणीतरी तहान मारून बसलेलं असेल.