बारीक आवाजाची जागा

आमच्या ह्यांना क्रिकेटची कॉमेंट्री ऐकू येते, पंढरीनाथ भावोजींनी खालून मारलेली हाक तिसऱ्या मजल्यावर ऐकू येते. फक्त मी ऐकू येत नाही. दहा वर्षं माझी हीच तक्रार. 'ऐकू येत नाही कसलं, ऐकायचंच नाही,' हे माझं ठाम मत होतं आणि भाईंदरच्या इंद्रलोकमधल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला ते पाठ होतं.

दोन हजार सहा सालची गोष्ट. त्या मंगळवारी माझ्या आईला जाऊन वर्ष झालं होतं. भाकऱ्या थापता थापता मी म्हटलं, "आज आईची फार आठवण येतेय हो." हे "बरं" म्हणाले आणि टॉवेल घेऊन आंघोळीला गेले. बरं! माझा पारा असा चढला की तव्यावरची भाकरी करपली. तिथेच ठरवलं, आता या माणसाशी एक शब्द बोलायचा नाही. महिनाअखेरीला गुहागरला बहिणीकडे जायचं आणि परत यायचं की नाही ते तिथे ठरवायचं. बॅगसुद्धा भरून ठेवली.

आठ दिवस गेले. चहा ठेवायचा, ताट वाढायचं आणि ओट्याकडे तोंड करून उभं राहायचं, बस. ह्यांनी एकदाही विचारलं नाही, काय झालं म्हणून. आपण अबोला धरावा आणि समोरच्याला त्याचा पत्ताच नसावा, यासारखा अपमान नाही. मी रडले, खोटं कशाला सांगू.

नवव्या दिवशी आमची लेक हेमांगी म्हणाली, "आई, बाबांना कान दाखवायचेत. त्यांनीच सांगितलं मला. माझी रजा संपलीय, तू जा ना सोबत."

कानाला काय धाड भरलीय, असं मनात आलं. पण लेकीला नाही म्हणवेना. रिक्षात हे रिक्षावाल्याशी हिंदीत मजेत गप्पा मारत होते आणि मी बाहेर बघत बसले.

कान तपासणाऱ्या नीलिमा मॅडमनी आधी ह्यांना एकट्यांना आत घेऊन बराच वेळ विचारपूस केली. मग मला बोलावलं. हे काचेच्या छोट्या खोलीत बसले होते, कानांवर हेडफोन. आवाज आला की बोट वर करायचं, एवढंच काम. मॅडम माझ्याशेजारी बसून मशीनचं बटण फिरवत होत्या. जाड आवाजांना ह्यांचं बोट पटापट वर जात होतं. मग ते थांबलं.

"आता बारीक आवाज देतेय," मॅडम म्हणाल्या. "चांगला मोठा देतेय, बरं का."

ह्यांनी डोळे मिटले होते. कपाळाला आठ्या, बोट तयार ठेवलेलं, दाराबाहेर कुणी आलंय का याचा कानोसा घ्यावा तसे बसले होते. इतकं जीव लावून ऐकताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बोट काही वर गेलं नाही.

तपासणी झाल्यावर मॅडमनी ह्यांच्यासमोर कानाचा प्लास्टिकचा नमुना ठेवला. त्यांचा आवाज मुळातच जाड, त्यात त्या समोर बघून सावकाश बोलत होत्या. "हा कानाचा पडदा. आवाजानं थरथरतो. याच्या मागे तीन इवलीशी हाडं. हातोडी, ऐरण आणि रिकीब, म्हणजे घोडेस्वार पाय अडकवतो ती."

"म्हणजे आमचा कारखानाच की आतमध्ये!" हे हसले. तेव्हा पंचवीस वर्षं हे इथेच भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात प्रेस मशीनवर होते. दिवसभर पत्र्यावर दणके.

"आणि ही गोगलगायीसारखी नळी. हिच्या आत बारीक केसांच्या पेशी असतात. तोंडाशी असतात त्या बारीक आवाज पकडतात, खोल आतल्या जाड. मशीनच्या दणक्यानं आधी तोंडाशी असलेल्या मरतात. त्या परत येत नाहीत. कानाला मशीन लावून मदत होईल, पण गेलेलं गेलं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वहिनी, तुमचा आवाज बारीक आहे. चिडल्यावर आणखी बारीक होत असेल."

दहा वर्षं मी चिडूनच बोलले होते.

मॅडम तपासणीचा कागद बघत ह्यांना म्हणाल्या, "एक कळत नाही, काशीनाथराव. वहिनींचा आवाज गेल्या मंगळवारपासून बिलकुल येत नाही, असं सांगितलंत. पण यात तसं दिसत नाही. थोडाफार यायलाच हवा."

हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "आधी अर्धामुर्धा यायचा, मॅडम. अंदाजानं 'बरं' म्हणून मोकळा व्हायचो. मंगळवारपासून काहीच नाही. ती ओट्याकडे तोंड करून असते, बोलतेय की नाही तेपण कळत नाही. विचारलं तर तिला कळणार, नवरा ठार बहिरा झालाय. घाबरलो हो. मशीनचा आवाज गेला तर सुटलो म्हणेन, पण हिचा..."

मी उठले. ह्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. नऊ दिवसांनी बोलायचं होतं. कानाशी वाकले, जमेल तेवढा जाड आवाज काढला आणि सावकाश म्हटलं, "अहो, आवाज गेला नव्हता. मीच बोलत नव्हते."

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मघाशी शिकवलं होतं तसं बोट वर केलं, आणि खाली घ्यायचं विसरले.