नांग्या

आमच्या मामंजींना रांगेतली रिकामी जागा बघवत नाही. मेलेल्या रोपाच्या जागी दुसरं लावायचं, याला नांग्या भरणं म्हणतात. भाजीवाले सगळेच भरतात, पण मामंजींसारखी घाई मी कुणाची पाहिली नाही. चहाच्या आधी शेतात फेरी, आणि कुठे रोपाने मान टाकलेली दिसली की ते उपटून लगेच तिथे दुसरं. माझे सासरे म्हणून कौतुक करत नाही. त्यांच्याशी माझं रोज एका तरी गोष्टीवरून वाजतं. पण त्यांच्या टोमॅटोच्या रांगा बघायला जाणारी-येणारी माणसं बांधावर थांबायची, हे खरं आहे.

थांबायची म्हणते, कारण आता आमच्या भागात टोमॅटो फारसा उरलेलाच नाही. मातीत मर रोग शिरलाय. सकाळी टवटवीत असलेलं झाड दुपारी हिरव्यागार पानांनिशी खाली बसतं आणि पुन्हा उठत नाही. औषधं ओतून सगळ्यांनी हात टेकले. शेजारच्यांनी एकेक करून टोमॅटो सोडला आणि आम्हालाही सोडा म्हणून सांगायला लागले.

तेवढ्यात कृषी विभागाचा भाजीपाला प्रकल्प आला, आणि त्याच्याबरोबर मोजपट्टी आली. प्रकल्पाच्या या मॅडमच्या गळ्यात ओढणीसारखी मोजायची टेप असते, म्हणून त्यांच्या माघारी सगळे त्यांना मोजपट्टीच म्हणतात. त्यांनी आम्हा काही जणींना कलम करायला शिकवलं. रानवांग्याची मुळं या रोगाला दाद देत नाहीत. मग खाली रानवांगं ठेवायचं, वर टोमॅटोचा शेंडा, दोन्ही तिरके कापून जोडायचे, चिमुकली क्लिप लावायची आणि जखम भरेपर्यंत अंधाऱ्या, दमट जागेत ठेवायचं. बाकीच्या जणी आठवड्याभरात कंटाळल्या. मला मात्र वेड लागलं. मागच्या खोलीत प्लास्टिक ताणून मी ट्रे मांडले, तेव्हा नवरा म्हणाला, "आता माणसांनी कुठे राहायचं तेवढं सांगून ठेव."

तो थट्टा करत होता, पण मला खरंच वेगळी खोली हवी होती. प्रकल्प एका ठिकाणी कलमांची पक्की रोपवाटिका बांधून देणार होता, आणि ती चालवायची माझी तयारी होती. आयुष्यात इतकी हाव मला कशाचीच सुटली नव्हती. अट एकच. आधी शेतात दाखवायचं. अर्ध्या शेतात कलमी रोपं, अर्ध्यात साधी, माती तीच. फरक स्वच्छ दिसला तर खोली आमची, नाहीतर दुसऱ्या भागात जाणार.

कलमांची बाजू माझ्याकडे आली, साध्या रोपांची मामंजींकडे. एकाने दुसऱ्याच्या बाजूला पाऊल टाकायचं नाही, कारण चपलेच्या चिखलातून रोग फिरतो. "आणि काका, दोन्हीकडे काळजी अगदी सारखी घ्यायची हं," मोजपट्टी मामंजींना म्हणाल्या. पाणी, खत, फवारणी, सगळं त्यांनी समजावून सांगितलं. नांग्या भरू नका, एवढं मात्र सांगितलं नाही. ते सांगावं लागेल असं त्यांच्या डोक्यात आलं नाही, आणि भरल्या तर बिघडेल असं आमच्या.

झाडं वाढली. माझी बाजू भरगच्च उभी राहिली आणि मी हवेत होते. मग बांधावरून पलीकडे बघायला लागले, तर मामंजींची बाजूही तशीच भरगच्च. कुठे एखादं झाड बुटकं, एवढंच. माती आपोआप सुधारली की काय? मग माझ्या कलमांना विचारतो कोण? मामंजी खुशीत म्हणायचे, "बघ, माझी पण मागे नाहीत!" आणि मला त्यांचा असा राग यायचा की मी उठून आत जायची. मागच्या खोलीत ट्रेसमोर बसून रडलेसुद्धा.

वरचे साहेब पाहणीला येणार, त्याच्या आदल्या संध्याकाळी पलीकडची एक सुतळी सुटलेली दिसली. मामंजी घरी गेले होते. मी चपला काढून ठेवल्या, पाय धुतले आणि गेले. झाड बांधायला वाकले तर खोडावर खाली गाठ. आपण घातलेला टाका आपल्याला ओळखू येतो, तशी मी ती ओळखली. माझं कलम होतं. पुढचं झाड साधं. त्याच्या पुढचं कलम, त्याच्या पुढचंही कलम. रांगेच्या टोकाला पोचेपर्यंत तळपायाची आग मस्तकात गेली होती.

मामंजी ओट्यावर पाय पसरून बसले होते.

"तुमच्या बाजूला कलमं कुठून आली?"

"तुझीच. उरलेले ट्रे तूच नाही का दिलेस? वाया घालवू नका म्हणालीस."

"म्हणून तिकडे लावलीत?"

"झाडं मरत होती, सूनबाई. अर्धी रांग बोडकी झाली असती. एवढे लोक बघायला येणार. तुझं शेत, तुझं नाव. म्हटलं, नांग्या दिसायला नकोत."

"मामंजी, त्या नांग्याच तर दाखवायच्या होत्या!" मी ओरडले. "किती मेली हेच मोजायला येतायत ते. तुम्ही त्या भरल्यात, तिथेच माझी खोली गेली."

नंतर त्यांना जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणाले. मीही पुन्हा बोलावलं नाही. माझाही राग होताच.

सकाळी जीप यायच्या आधी मी शेतावर गेले. मामंजींच्या बाजूला रांगेत ताजे खड्डे. बांधावर उपटलेल्या झाडांचा ढीग, झाडांना टोमॅटो लगडलेले, काही नुकते लाली धरलेले. मामंजी उलट्या क्रेटवर बसले होते, हात कोपरापर्यंत मातीने भरलेले. फळावर आलेलं झाड त्यांनी जन्मात उपटलं नव्हतं. शेळीने एखादं खाल्लं तरी दिवसभर तोंड पाडून फिरणारा माणूस. "जिथे मेली होती, तिथेच रिकामं केलंय," ते म्हणाले. "एकही चुकीचं काढलं नाही. आता मोज म्हणावं."

मला कालचा माझा आवाज आठवला आणि फार वाईट वाटलं. आणि त्याच वेळी हेही कळलं, की झाडं उभी असती तर खोडावरच्या गाठीवरून कुठे कुठे साधं रोप मेलं होतं, हे साहेबांना जागच्या जागी तरी दाखवता आलं असतं.

साहेबांनी खड्डे बघितले, ढीग बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या. मोजपट्टींनी ढिगातलं एक झाड उचलून गाठ तपासली, मग दुसरं, मग तिसरं. त्यांना सगळं समजलं. त्यांनी साहेबांना समजावलंही. साहेब म्हणाले, "आज खणलेल्या खड्ड्यांवरून कुठलं झाड कधी आणि कशाने मेलं, हे मी कसं लिहू?" बरोबरच होतं. त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते.

मोजपट्टी त्यांच्याशी जीपपाशी बराच वेळ बोलत राहिल्या. परत आल्या तेव्हा चेहरा दमलेला होता. "ताई, यंदाचा प्लॉट बाद. पण पुढच्या हंगामात पुन्हा लावू. तोवर खोली कुणालाच देणार नाहीत, एवढं पदरात पाडून घेतलंय. फक्त साध्या रोपांना हात न लावणारं माणूस हवं. आहे कुणी?"

नवरा दिवसभर टेम्पोवर. शेजाऱ्यांनी टोमॅटोचं नावच टाकलेलं.

"मीच बघेन," मामंजी म्हणाले.

"काका, झाडं तुमच्या डोळ्यांदेखत मरतील. पाणी घालायचं, खत द्यायचं, आणि मेली की तशीच ठेवायची."

"ठेवीन."

"जमेल तुम्हाला?" मी विचारलं.

मामंजींनी ढिगातलं एक झाड उगीच सरळ करून ठेवलं. "जमायचं नाही," ते म्हणाले. "पण करीन."

राहू द्या मामंजी, असं मी म्हणायला हवं होतं. ते वाटही बघत होते, हे मला दिसत होतं. एका शब्दात मी त्यांना सोडवू शकत होते.

"बरं," मी म्हणाले.