म्हशीच्या जागेवरची लिफ्ट

त्या दिवशी सकाळी हजेरीच्या मशीनने संचिताचा अंगठा ओळखायला साफ नकार दिला. भाईंदरच्या एका भांड्यांच्या कारखान्यात ती माल रवाना करायचं काम बघायची. अंगठा ओढणीला पुसून झाला, फुंकर मारून झाली, डावा लावून झाला. साहेब म्हणाले, मशीन खोटं बोलत नाही, आणि त्यांनी तिची अर्धी रजा लावून टाकली. ती समोर उभी होती, तरी आलेली नव्हती. दिवसभर राबून संध्याकाळी ती चष्म्यासाठी टेबलाचे खण उपसायला लागली, तेव्हा शेजारच्या मिनलने चष्मा तिच्याच डोक्यावर असल्याचं हळूच सांगितलं.

धुमसतच ती नवघरला उतरली. नाक्यावर सासू चंपाबाई भेटली, हातात बोंबलांची पिशवी. दोघी लिफ्टपाशी आल्या, तर आत तिसऱ्या मजल्यावरच्या मनोरमाबेन उभ्या. पिशवी बघताच त्यांनी पदर नाकाला लावला. संचिताला वाटलं, नंतर जावं. पण तोवर चंपाबाई आत शिरलीसुद्धा. दुसरा मजला ओलांडला आणि लिफ्ट गचका खाऊन थांबली.

खालून वॉचमन ईश्वरने ओरडून सांगितलं, की मेकॅनिकला फोन केलाय, तो काशिमीऱ्याहून निघालाय. म्हणजे आता बसा. संचिताचा बांध फुटला. अंगठा, साहेब, चष्मा, सकाळी मिक्सरचं झाकण उडून छतापर्यंत गेलेली चटणी, सगळं तिने एका दमात बाहेर काढलं. शेवटी म्हणाली, "आज जगातल्या सगळ्या मशिनी माझ्यावर उठल्यात, आई."

चंपाबाईने खाली फतकल मारली आणि ती गालातल्या गालात हसायला लागली.

"तुजे सासरे असते ना, तर या लिफ्टला त्यांनी पयली शिवी घातली असती."

सासरे म्हणजे राघो. जन्म मिठागरात आणि भातशेतीत गेला. ही बिल्डिंग उभी राहिली ती त्यांच्याच जमिनीवर. माणूस असा, की त्याच्यापाशी वैताग फार वेळ टिकायचा नाही. संचिता नवी नवरी असताना तिच्या हातून भात करपला. ती रडवेली होऊन उभी राहिली, तर राघो म्हणाले होते, "करपला न्हाय गो, चूल भुकेली व्हती, तिनं पयला घास घेतला." आणि खरवडीसकट सगळा भात संपवून उठले होते. दोन वर्षांपूर्वी ते गेले. तेव्हापासून घरात नळ कोरडा पडला की नुसती भांडणं व्हायची.

चंपाबाई सांगायला लागली. लिफ्ट नवीनच सुरू झाली होती. राघो आत गेले आणि बटण न दाबता नुसतेच उभे राहिले. तिने विचारलं, तर म्हणाले, "या जागेवर माजी म्हस बांधलेली असायची. तिला कवा बटण व्हतं?" आणि भिंतीवर थाप मारून म्हणाले, "चल गो चांदे!" नेमकं त्याच वेळी वरून कुणीतरी बटण दाबलं असावं. लिफ्ट निघाली. त्या दिवसापासून मरेपर्यंत त्यांनी बटणाआधी थाप मारल्याशिवाय लिफ्ट चालवली नाही.

एवढं सांगून चंपाबाईने बसल्या बसल्या भिंतीवर थाप मारली. लिफ्ट हलली नाही. मनोरमाबेननी पदर बाजूला करून विचारलं, काय म्हणताय. चंपाबाईने आपल्या हिंदीत समजावलं, की इधरच हमारा भैंस बांधते थे.

बेननी पायाखाली वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "तो हम रोज भैंस पे बैठ के ऊपर जाते हैं?"

संचिताला हसू आवरेना. तिने भिंतीला टेकून, पोट धरून हसून घेतलं. बेनही हसल्या आणि त्यांनीही एक थाप मारून पाहिली. मग शांत होऊन म्हणाल्या, "काका गए, उसके बाद इस बिल्डिंग में कोई खड़ा रह के बात ही नहीं करता."

मेकॅनिक आला, तिसऱ्या मजल्याचं दार उघडलं. बाहेरच्या लाद्या कंबरेएवढ्या उंचीवर. संचिता आधी चढली. गुडघ्यांनी दगा दिलेल्या चंपाबाईला वर ओढायला तिचे आणि ईश्वरचे मिळून चार हात लागले. तेवढा वेळ बोंबलांची पिशवी मनोरमाबेननी धरली. हात लांब करून, तोंड भिंतीकडे फिरवून, पण धरली.

रात्री जेवताना दिपेशने बायकोला उशीर का झाला ते विचारलं. तक्रारच करायची म्हणून तिने तोंड उघडलं होतं. पण बोलता बोलता ती साहेबांची नक्कल करायला लागली, मग सासऱ्यांची. चंपाबाईने मध्येच चूक काढली, की ते 'चल गं' म्हणत नसत, 'चल गो' म्हणत.

दिपेश वडील गेल्यापासून त्यांच्याविषयी फारसा बोलत नसे. त्याने टीव्ही बंद केला. म्हणाला, एकदा अवकाळी पावसात सगळं मीठ वाहून गेलं होतं, आई कपाळाला हात लावून बसली होती आणि बाबा बांधावर उभे राहून खाडीला सांगत होते, "आता पुढल्या बारीला तरी आळणी म्हणू नकोस."

"त्याच्या पुढं बी काय तरी बोललेले," चंपाबाई म्हणाली, आणि ताटावरचा हात तसाच ठेवून आठवायला लागली.