मातीतले खांब

रुचिताच्या नशिबी माती आली होती, आणि तीही साधीसुधी नव्हे. ही माती म्हणजे पापडांची चवड, डोळ्यांना न दिसणारे थर एकावर एक चिकटून बसलेले. त्यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचे खांब उभे करायचे आणि भट्टीत घालून पक्के करायचे, म्हणजे मधल्या फटींत पाण्यातला रंग नि घाण जाऊन बसते. सांगायला एवढंच. करता करता पोरीची तिशी उलटली. कधी द्रावणाचं दही व्हायचं, कधी भट्टीत खांब ढासळायचे आणि थर पुन्हा पहिल्यासारखे एकमेकांना चिकटायचे.

पीएचडीची वाढवून घेतलेली मुदत संपत आली होती. मार्गदर्शक सर निवृत्तीला टेकले होते. "ही शेवटची खेप, रुचिता. माती डब्याच्या तळाला लागलीय. जमलं तर लिहू, नाहीतर सोडून दे," ते म्हणाले. सोडून दे म्हणायला काय जातं!

या खेपेला तिने जीव मुठीत धरून एकेक थेंब सोडला. क्ष-किरणांच्या आलेखात थर फाकलेले स्वच्छ दिसले. खांब आत गेले होते! कधी कुणाला बरं न म्हणणारे सर चक्क हसले.

आता राहिलं होतं धुणं. माती पातळ पिशवीत बांधून पाण्यात बुडवून ठेवायची आणि क्षार निघून जाईतो सकाळ-संध्याकाळ पाणी बदलायचं. लॅबचं शुद्ध पाण्याचं यंत्र बंद पडलेलं, म्हणून तिने बॅटरीच्या दुकानातून क्षार नसलेल्या डिस्टिल्ड पाण्याचे कॅन आणले. पण नेमकी नेसरीच्या कॉलेजात परीक्षा लागली. तिथे ती तासिका तत्त्वावर शिकवायची. नाही म्हटलं की नोकरीवर पाणी. मग माती गडमुडशिंगीला घरी ठेवली.

"आण्णा, ह्या कॅनमधलंच पाणी घाला बरं का."

"जा की निवांत," तिचे वडील आण्णासो म्हणाले. "माझ्या देवाच्या भांड्यागत जपतो."

परीक्षा आटोपून ती आली, तर आण्णा पिशवी घेऊन स्टँडवरच हजर. ती तशीच लॅबला गेली. माती वाळवली, भट्टीत घातली. मग आलेख काढला.

थर बसले होते. खांबांचा मागमूस नव्हता. सरांनी कागद दोनदा पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाले, "आता पुरे कर, बाळ." ते बाळ ऐकून तिला रडू फुटलं.

घरी आली तर परसात कॅन तसेच. एकाचंही सील तुटलेलं नव्हतं.

"आण्णा, हे पाणी?"

"ते बॅटरीतलं?" आण्णांनी नाक मुरडलं. "कुणी गाळलंय, कवा गाळलंय, काय ठावं! तुझ्या इतक्या वर्साच्या कामाला असलं पाणी घालू व्हय मी? आपल्या हिरीचं घाटलं. नवं फडकं आणलं, तीन पदरांतनं गाळलं. फडक्यावरचं जीव परत हिरीत सोडलं. एक दीस चुकलो न्हाय."

विहिरीचं खारं पाणी. त्यातल्या क्षारांनी अजून भट्टीत पक्का न झालेला एकेक खांब हुसकून बाहेर काढला होता, आणि आण्णांनी ते पाणी देवपूजेसारखं, न चुकता घातलं होतं. तिला ओरडावंसं वाटलं. जन्मभर जैन धर्म पाळून पाण्यातला जीवसुद्धा न दुखवलेल्या या माणसावर ओरडायचं तरी कसं? मातीचं तर आता काही उरलं नव्हतं. उरले होते ते फक्त आण्णा.

"उभं ऱ्हायलं न्हवं खांब?" त्यांनी विचारलं.

"व्हय, आण्णा. उभं ऱ्हायलं."

आण्णांचा चेहरा उजळला. त्यांनी दोरीवरचं फडकं काढलं, नीट घडी घातली आणि तिच्या हातात दिलं.

"जपून ठेव. म्होरल्या खेपंला लागंल की."